चिकुनगुनिया होऊन गेल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन कधी करावं?

पारिजात
नमस्कार मंडळी. थोडं तातडीचं आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

आई ६८ वर्षांची आहे, पुण्यात असते. दोन्ही गुडघे पार झिजलेत. एक्स-रेमध्ये आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं आम्हालाही दिसतं. बरीच वर्षं चालढकल केल्यावर या वर्षी ती स्वतःहून तयार झाली. दिवाळीनंतर उजव्या गुडघ्याची तारीख ठरली, कॅशलेसची मंजुरी आली, भाऊ टोरांटोहून रजा काढून येणार होता. आणि ऐन नवरात्रात तिला चिकुनगुनिया झाला.

ताप लवकर उतरला, पण अंग धरलंय ते सुटत नाही. मनगटं, घोटे, बोटांची पेरं सुजलीत. सकाळचा चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पिते, कानाला बोट अडकवता येत नाही. सर्जन म्हणतात, ताप गेला, प्लेटलेट चांगल्या आहेत, तारीख तशीच ठेवू, आदल्या आठवड्यात तपासण्या परत करू. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, तीन महिने थांबा. दोघंही जुने, अनुभवी. आईचं म्हणणं, "एकदाचं उरकून टाका, पुन्हा माझं मन तयार होईल की नाही सांगता येत नाही."

कुणाच्या घरी असं झालंय का? किती थांबलात आणि कशावरून ठरवलंत?

गणोबा
थांबा. ऑपरेशन पळून जात नाही.

अबोली_ठाणे
आमच्याकडे डेंगी झाला होता, चिकुनगुनिया नव्हे, तरी लिहिते. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि आधी डेंगी. प्लेटलेट पाऊण लाखाच्या खाली गेल्या. सर्जननी तारीख लगेच रद्द केली. ताप उतरल्यावर आठवड्याभरात आकडा दीड लाखाच्या वर आला, पण लिव्हरच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या. त्या ताळ्यावर आल्यावरच नवी तारीख दिली. तेव्हा चिडचिड झाली होती, आता वाटतं बरं झालं. ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध देतात. प्लेटलेट कमी असताना ते द्यायचं कसं?

रानवारा
मी उलट बाजू मांडतो. थांबण्यालाही किंमत असते. माझ्या वडिलांचं कोविडच्या काळात पुढे पुढे ढकललं गेलं. तोवर ते खुर्ची ते पलंग एवढेच उरले. मांडीचे स्नायू वाळले, वजन वाढलं, शुगर वाढली. शेवटी ऑपरेशन चांगलं झालं, पण चालायला लागायला इतरांपेक्षा खूप जास्त काळ लागला. 'तीन महिने थांबा' म्हणणाऱ्यांनी त्या तीन महिन्यांत काय करायचं तेही सांगावं. नुसतं थांबणं वाईट.

मुक्ता७
पारिजात, काकूंना पपईच्या पानांचा रस द्या. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी घेतला, प्लेटलेट भराभर वाढल्या.

अबोली_ठाणे
मुक्ता, त्यांच्या प्लेटलेट चांगल्याच आहेत असं वर लिहिलंय.

डॉ_निशिगंध
मी भूलतज्ज्ञ आहे. सांधेरोपणाच्या बऱ्याच शस्त्रक्रियांना भूल देते, म्हणून सविस्तर लिहिते. पेशंट न बघता तारीख सांगणार नाही, विचार कसा करायचा तेवढं सांगते.

आधी वेगवेगळ्या व्हायरसचं वेगवेगळं असतं हे लक्षात घ्या. कोविडसाठी आमच्याकडे आठवड्यांचा हिशोब आला, कारण २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र केली गेली. त्यात दिसलं की कोविडनंतर सात आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर महिन्याभरातल्या मृत्यूंचं प्रमाण जास्त होतं, सात आठवड्यांनंतर ते नेहमीच्या पातळीवर येत होतं. तेव्हा लसही नव्हती. पुढे लसी आल्या, आजार सौम्य झाला, तशी ही मुदत सैल केली गेली. साध्या सर्दीखोकल्यात श्वासनलिका काही आठवडे चिडखोर राहते, म्हणून आम्ही थांबतो, विशेषतः दमा असेल तर. डेंगीत मुद्दा प्लेटलेट आणि लिव्हरचा. गुडघ्यासाठी आम्ही बहुतेक वेळा कमरेतून भूल देतो. प्लेटलेट कमी असताना मणक्यात सुई घातली तर आत रक्तस्राव होऊन पायांवर परिणाम होऊ शकतो.

चिकुनगुनियासाठी असं आठवड्यांचं कोष्टक आम्ही वापरत नाही. रक्तात व्हायरस साधारण पहिला आठवडाच असतो. मग उरतो तो दाह. पहिले तीन आठवडे तीव्र अवस्था, तिथून तीन महिन्यांपर्यंत मधली, त्यापुढे दुखलं तर जुनाट, अशी ढोबळ विभागणी आहे. तुमच्या डॉक्टरांचे 'तीन महिने' बहुधा इथून आलेत. आई सध्या मधल्या अवस्थेत आहेत.

आता ऑपरेशनशी याचा संबंध काय? चिकुनगुनियाचा व्हायरस कृत्रिम सांध्यात जाऊन बसेल ही भीती लोक मला विचारतात. कृत्रिम सांध्यातला जंतुसंसर्ग हा बॅक्टेरियांचा, बहुतांश वेळा त्वचेवरच्या. अडचण दुसरीच आहे. ऑपरेशननंतर सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढतोच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि मग काही आठवड्यांत खाली येतो. तो खाली आला नाही किंवा पुन्हा चढला तर सर्जनचे कान टवकारतात, कारण आत पू होत असण्याची ती खूण असू शकते. ज्या बाईंचा सीआरपी आधीच चिकुनगुनियाने वाढलेला आहे आणि गुडघा आधीच सुजलेला आहे, तिच्यात ही खूण ओळखायची कशी? मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

दुसरं, वेदनाशामक गोळ्या. चिकुनगुनियात लोक आठवडेच्या आठवडे त्या घेतात. किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं, पोटातून थोडं थोडं रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलेलं, असे पेशंट माझ्यासमोर येतात आणि म्हणतात, मला काहीच त्रास नाही.

तिसरं, स्टिरॉइड. आईंना कुणी गोळ्या दिल्या आहेत का, गुडघ्यात इंजेक्शन दिलं आहे का, हे नक्की विचारा. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याच गुडघ्याच्या रोपणासाठी साधारण तीन महिने थांबतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आम्हाला सांगा.

पारिजात
डॉक्टर, मनापासून आभार. सीआरपी सर्जननी सांगितलाच नव्हता, उद्या करून घेतो. इंजेक्शन दिलेलं नाही. शेजारच्या एका दवाखान्यात 'ताकदीच्या गोळ्या' म्हणून काही दिलं होतं, ते पाकीट शोधते.

डॉ_निशिगंध
पाकीट जरूर शोधा, आणि मिळालं की तसंच सर्जनना नेऊन दाखवा. नाव नसलेली पुडी असेल तर तसं सांगा.

बार्शीकर_आजोबा
या विषयात माझा अनुभव जुना आहे. १९७३ साली आमच्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. घराघरांत माणसं आडवी. पाणी साठवायची सवय, रांजण, हौद, सगळीकडे डासांची अळी. पुढे हा आजार देशातून जवळपास नाहीसाच झाला आणि २००५-०६ मध्ये परत उसळला, तेव्हा तरुण डॉक्टरांनी तो कधी पाहिलाच नव्हता. २००६ मध्ये मला दुसऱ्यांदा होईल अशी धास्ती होती, पण झाला नाही. बायकोला मात्र झाला.

तिचं सांगतो. आधीपासून गुडघे दुखत होते, पण बेताचे. चिकुनगुनियानंतर ती भिंतीला धरून चालायला लागली. सोलापूरला एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी दोन्ही गुडघे बदला म्हणून सांगितलं. पैशाची जुळवाजुळव करण्यात वेळ गेला. तेवढ्यात उन्हाळा आला आणि तिचं दुखणं ओसरत गेलं. पुढे बारा वर्षं ती त्याच गुडघ्यांवर पंढरपूरला जाऊन आली. दुखणं कुणाचं आहे, झिजेचं की तापाचं, हे आधी ठरलं पाहिजे.

सागरगोटा
आजोबा, +१. आमच्या काकांचंही हेच. एक्स-रेमध्ये झीज मामुली, दुखणं मात्र भयंकर. संधिवाततज्ज्ञांनी औषधं दिली, सहा महिन्यांत बॅडमिंटन.

रानवारा
आजोबा, आदरपूर्वक सांगतो, पण पारिजातच्या आईच्या गुडघ्यात हाडाला हाड टेकलंय आणि ऑपरेशन चिकुनगुनियाच्या आधीच ठरलं होतं. त्यांची झीज उन्हाळ्यात ओसरणार नाही. ऑपरेशन हवंच आहे, फक्त कधी एवढाच प्रश्न आहे.

बार्शीकर_आजोबा
बरोबर आहे तुमचं. तरी आज जे दुखतंय त्यातलं किती कशाचं, हे कळल्याशिवाय ऑपरेशननंतर बाईंना वाटेल की गुडघा बदलूनही दुखतंच आहे. ते निराशेचं असतं.

फिजिओ_मृण्मयी
रानवारा यांनी विचारलं होतं, तीन महिने करायचं काय. ते माझं रोजचं काम आहे.

पण त्याआधी एक गोष्ट, जी वर कुणी बोललं नाही. पारिजात, तुमच्या आईला कप धरता येत नाही. गुडघा बदलल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आम्ही पेशंटला वॉकर धरून उभं करतो. पहिले काही दिवस शरीराचा बराच भार हातांवर असतो. पलंगावरून उठताना तळहात टेकून रेटावं लागतं, कमोडवरून उठताना दांडा धरावा लागतो. मनगट सुजलेलं असेल तर हे काहीच होत नाही. मग पेशंट उठायलाच घाबरते, झोपून राहते, गुडघा वाकत नाही, गुठळीचा धोका वाढतो. शिवाय दुसरा पाय. उजवा नवा असताना डावा गुडघा आणि डावा घोटा सगळं ओझं घेतो. तो घोटा चिकुनगुनियाने सुजलाय.

गेल्या वर्षी माझ्याकडे अशा एक बाई होत्या. ऑपरेशन उत्तम, जखम उत्तम, आणि वॉकरची मूठ धरता येईना. आम्ही मुठींवर स्पंज गुंडाळला, तो पुरेना. मग कोपरापासून हात टेकवता येईल असा उंच वॉकर आणला, तेव्हा कुठे त्या पहिल्यांदा दारापर्यंत गेल्या. मुलगी शेजारी उभी राहून रडत होती.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. आईला खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळहात टेकून, फार न कण्हता उठता येतंय का? दाराची कडी काढता येतेय का? ओलं फडकं पिळता येतंय का? हे जमायला लागलं की ऑपरेशननंतरची वाट निम्मी सोपी.

आता थांबलेल्या काळात काय करायचं. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडीचा पुढचा स्नायू कडक करायचा, सोडायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. घोटे वरखाली. सुजलेल्या मनगटाला कोमट पाण्यात हलकी हालचाल, मसाज मात्र जोरात नको. सूज लाल-गरम असेल तेव्हा बर्फ, सकाळी नुसताच आखडलेपणा असेल तेव्हा शेक. वॉकर आधीच घरी आणून त्याची सवय करून घ्यायची.

रानवारा
हे पटलं. मनगटांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. असं थांबणं असेल तर माझा विरोध नाही.

मुक्ता७
मृण्मयी, फडकं पिळायची परीक्षा आमच्या घरात घेतली तर चिकुनगुनिया न झालेले सगळे पुरुष नापास होतील. :)

गणोबा
:D

अबोली_ठाणे
अवांतर: कॅशलेसची मंजुरी ठरावीक मुदतीचीच असते. तारीख पुढे गेली तर ती नव्याने घ्यावी लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पॉलिसीचं नूतनीकरण मध्ये येतंय का तेवढं बघा, एक दिवसही खंड पडू देऊ नका. आणि इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ च्या ऑगस्टपासून सरकारी कमाल मर्यादा आहे, त्यामुळे दोन-तीन महिने उशीर झाला म्हणून गुडघा भयंकर महाग होईल या भीतीने घाई करू नका. आम्हाला एकाने तसं घाबरवलं होतं.

टोरांटोकर_पुणेकर
भावाच्या बाजूने लिहितो, कारण मी तोच भाऊ आहे, फक्त दुसऱ्या घरातला. इकडे रजा एकदा मंजूर झाली की बदलणं जड जातं, तिकिटाचे पैसे जातात, आणि मनात अपराधी भावना असते की आपण इतक्या लांब. त्यामुळे आपण नकळत आईच्या तब्येतीपेक्षा आपल्या रजेप्रमाणे तारीख ठरवायला लागतो. वडिलांच्या वेळी बहिणीने मला स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर असतात, नर्स असतात. तू घरी आणल्यानंतरच्या आठवड्यांत ये, तेव्हा माणूस लागतो." तिचं शंभर टक्के खरं निघालं. रात्री दोन वाजता बाथरूमला नेणारा हात लागतो. भावाला हे वाचायला द्या.

सागरगोटा
चिकुनगुनियाची टेस्ट निगेटिव्ह आल्यावरच ऑपरेशन करायचं, असं का करत नाहीत? सोपं होईल ना ठरवायला.

डॉ_निशिगंध
त्या टेस्टमध्ये जे आयजीएम (शरीराने व्हायरसविरुद्ध तयार केलेलं प्रतिपिंड) बघतात ते काही महिने पॉझिटिव्ह राहू शकतं, पेशंट पूर्ण बरा झाला तरी. त्यावर तारीख ठरवली तर उगाच अडकून पडाल. परत परत तीच टेस्ट करण्यात पैसे घालवू नका. सीआरपी, ईएसआर (हीसुद्धा दाहाचीच तपासणी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लिव्हर, शुगरचा तीन महिन्यांचा हिशोब, लघवीची तपासणी आणि मृण्मयी म्हणतात ती खुर्चीची कसोटी. यावरून जास्त कळतं.

मृण्मयींच्या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. आम्ही भूल देणारे ऑपरेशन टेबलापुरता विचार करतो, वॉकरची मूठ आमच्या कागदांवर कुठेच नसते. ती असायला हवी.

मुक्ता७
दोन्ही गुडघे एकदमच करून घेतले तर? एकच भूल, एकच खर्च, आईंचं मनही पुन्हा तयार करायला नको.

डॉ_निशिगंध
निवडक पेशंटमध्ये करतात. पण शरीरावर ताण जास्त, रक्त जास्त जातं, आणि टेकायला चांगला पाय उरत नाही. नुकताच चिकुनगुनिया झालेल्या ६८ वर्षांच्या बाईंसाठी मी एकदम दोन्हींच्या बाजूने बोलणार नाही.

पारिजात
सगळ्यांना आधी खूप खूप धन्यवाद. काय झालं ते लिहिते.

सीआरपी केला, ४० च्या वर निघाला. आमच्या लॅबच्या कागदावर पाचच्या आत हवा असं लिहिलंय. हिमोग्लोबिन ९.८, उन्हाळ्यात साडेअकरा होतं. गोळ्यांचं पाकीट सापडलं, स्टिरॉइडच होतं. सर्जनना सगळे कागद आणि पाकीट नेऊन दाखवलं. त्यांनी नीट वेळ देऊन वाचलं आणि स्वतःच म्हणाले की तारीख रद्द करू. मला ते आवडलं, अडून बसले नाहीत. संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषध सुरू केलंय, स्टिरॉइड हळूहळू कमी करून बंद करणार आहेत. रक्तासाठी लोहाची औषधं सुरू झाली. आता विचार संक्रांतीनंतरचा आहे, तोही सीआरपी उतरला आणि हात चालायला लागले तर. सर्जननी खुर्चीवरून उठायला सांगून बघितलं. मृण्मयी, तुमची कसोटी मी त्यांना सांगितली होती. आई उठू शकली नाही.

आईला वाईट वाटलं. घरी येताना रिक्षात काही बोलली नाही. मग रात्री मी तिला टोरांटोकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा म्हणाली, "म्हणजे तो थंडीत येणार तर. त्याला तिळगूळ मिळेल." भावाने रजा बदलून घेतलीय, तिकिटाचे थोडे पैसे गेले.

टोरांटोकर_पुणेकर
उत्तम झालं. पैशाचं वाईट वाटून घेऊ नका म्हणावं त्याला.

बार्शीकर_आजोबा
आईंना माझा नमस्कार सांगा. घरातली पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडे करा. हा डास दिवसा चावतो. तेव्हा दिवसाही अंगभर कपडे. आता त्यांना डेंगी होऊन पुन्हा तारीख जायला नको.

फिजिओ_मृण्मयी
पारिजात, मांडीचे व्यायाम आजपासूनच सुरू करा, औषध लागू पडायची वाट बघू नका. आणि कप दोन्ही तळव्यांत धरतात ते बरोबरच आहे, सांध्यावर भार कमी येतो. तसंच करू द्या. जाड कानाचा मोठा मग आणा.

पारिजात
हो, सुरू केलेत. एकच शेवटचं विचारते. तिची एक दाढ बरेच दिवस ठणकतेय. ती ऑपरेशननंतर बघितली तर चालेल का?

डॉ_निशिगंध
नाही, आधी. दातातला पू तसाच ठेवून कृत्रिम सांधा बसवू नये, तिथले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतात. आता वेळ आहे तर याच महिन्यात दाखवा. काढायची असेल तर काढून हिरडी पूर्ण भरू द्या. आणि दंतवैद्यांनाही स्टिरॉइडचं सांगा.